दोन निवृत्त माणसं, दोन गाड्या आणि एकच पार्किंग

पत्र

मी मेअखेर एका खासगी कंपनीतून निवृत्त झालो. वय ६०. पत्नी शिक्षिका होती, ती गेल्या वर्षी ५८ पूर्ण झाल्यावर निवृत्त झाली. घरी आई आहे, वय ८४, गुडघ्यांनी अधू. कोथरूडला, आयडियल कॉलनीच्या मागच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे. माझी २०१४ची होंडा सिटी, डिझेल. पत्नीची २०१९ची वॅगन आर, क्लच नसलेली. शिवाय एक जुनी अॅक्टिव्हा. सोसायटीने ठराव केला आहे की दुसऱ्या गाडीला महिना ५०० रुपये. मुलगा बंगळुरूहून सांगतो, दोन्ही विका आणि एक एसयूव्ही घ्या, म्हणजे आम्ही आल्यावर सगळे एकत्र बसू. माझं मत वॅगन आर विकावी. सिटी दणकट आहे, गाव दापोलीकडे आहे, आणि जुन्या कंपनीतून आठवड्याला दोन दिवस चाकणला सल्लागार म्हणून बोलावणं येण्याची शक्यता आहे. एजंट सिटीचे तीन लाख सांगतो. तिचा इन्शुरन्स वर्षाला नऊ हजार, सर्व्हिसिंग चौदा हजार. पत्नी म्हणते दोन्ही राहू द्या. नेमक्या किती गाड्या ठेवाव्यात?

ता. क. हे उठून चहा करायला गेलेत तेवढ्यात लिहितेय. मला क्लचची गाडी आता जमत नाही, डावा गुडघा दुखतो. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी अंध मुलींच्या शाळेत वाचून दाखवायला जाते, बुधवारी बहिणीकडे विठ्ठलवाडीला, शुक्रवारी ११ ला सदाशिव पेठेत गाण्याच्या क्लासला. सासूबाईंची फिजिओथेरपी मंगळवारी आणि शुक्रवारी असते, तीही अकरालाच. वॅगन आर गेली तर मला प्रत्येक वेळी "सोडता का" असं विचारावं लागेल. तीस वर्षं नोकरी करून मला ते नको आहे.

उत्तर

नमस्कार, दोघांनाही. पत्र एकाच्या नावाने आलं असलं तरी प्रश्न दोन आले आहेत, आणि मला विचाराल तर ताज्या कलमातला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तरी आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. गाडी एक ठेवा. ती वॅगन आर ठेवा. सिटी विका.

आता चहा घेऊन बसा, कारण कारणं जरा लांबलचक आहेत.

निवृत्त घराला गाड्या किती लागतात हे ठरवताना लोक गाडी आठवड्यातून किती वेळा बाहेर पडते ते मोजतात. तुम्हीही तेच केलं असणार. त्या मोजणीने काही कळत नाही. मोजायचं ते हे, की दोघांनाही एकाच वेळी, वेगवेगळ्या दिशेला, गाडीशिवाय दुसरा मार्ग नसताना बाहेर पडावं लागतं असं कितीदा होतं. नोकरीत हे रोज होत होतं. सकाळी तुम्ही चाकणच्या रस्त्याला, ताई शाळेच्या रस्त्याला. तेव्हा दोन गाड्या बरोबरच होत्या, कोणी तुम्हाला उधळे म्हणालं नसेल. आता तुमच्या दोघांच्या मजकुरावरून मी आठवडा मांडून पाहिला. सोमवार, गुरुवार ताईंची शाळा. ती जवळच असणार, रिक्षाच्या टप्प्यात. बुधवारी विठ्ठलवाडी, त्या दिवशी तुमचं काही नाही. मंगळवारी आईंना घेऊन जायचं, त्या दिवशी ताई घरी. खरी टक्कर एकच, शुक्रवारी सकाळी ११ वाजता. तुमच्या वेळापत्रकाविषयी तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही, म्हणजे अजून ते तयार व्हायचं आहे, असं मी समजते. बहुतेक नव्या निवृत्तांचं असंच असतं, काळजी करू नका.

त्या एका शुक्रवारसाठी दुसरी गाडी ठेवायची का, याचा हिशेब करू. सिटी नुसती खाली उभी राहिली, डिझेलचा एक थेंब जाळला नाही, तरी इन्शुरन्सचे ९ हजार, सर्व्हिसिंगचे १४ हजार आणि पार्किंगचे ६ हजार जाणारच. झाले २९ हजार. सर्व्हिसिंगचे थोडे कमी धरा म्हणाल, तर ऑइल न चालवताही जुनं होतं आणि टायर न झिजताही म्हातारे होतात. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, ते एकदा वाकून वाचा. आता गाडीत अडकलेले तीन लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के व्याज मिळतं आहे. तीन लाखांचे वर्षाला २४,६०० होतात, दर तिमाहीला खात्यात जमा. ते तुम्ही सोडताय. शिवाय गाडीचा भाव दरवर्षी उतरणार. तो तीसेक हजारांनी उतरेल असं धरलं तर एकूण ८३,६०० रुपये झाले. महिन्याला सात हजारांना थोडे कमी.

सात हजार म्हणजे फार नाहीत, असं तुम्ही म्हणाल. खासगी कंपनीतून निवृत्त झालात, तेव्हा ईपीएफच्या पेन्शनचा कागद काढून बघा. जास्तीच्या पगारावरचा पर्याय घेतला नसेल तर ते पेन्शन १५ हजारांच्या पगाराच्या मर्यादेवर बेतलेलं असतं आणि महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास थांबतं, बऱ्याच जणांचं त्याच्याही खाली. थोडक्यात, तुम्ही आयुष्यभर कापून घेतलेलं पेन्शन जवळजवळ सगळंच्या सगळं एका उभ्या गाडीला लावून देताय. ताईंचं शिक्षिकेचं पेन्शन वेगळं, ते घर चालवेल. पण मग निदान सिटीचा खर्च कुणाच्या पेन्शनवर चाललाय हे तरी मनाशी स्पष्ट असू द्या.

आणि त्याच सात हजारांत रिक्षा किती येते? पुण्यात २०२२ मध्ये ठरलेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. सहा किलोमीटरचे १०२ रुपये झाले. महिन्याला अडुसष्ट फेऱ्या होतील. तुम्ही दोघं मिळून महिन्यात अडुसष्ट वेळा रिक्षाने फिरून दाखवा, मी तुमचा सत्कार घडवून आणते. रिक्षावाले येत नाहीत, मीटर टाकत नाहीत, अॅपवर वेगळं आणि प्रत्यक्षात वेगळं मागतात, हे सगळं मला ठाऊक आहे. मी पुण्यातच राहते. दीडपट द्यावे लागले तरी पंचेचाळीस फेऱ्या होतात.

मेट्रोबद्दल एक गोष्ट. तुम्ही आयडियल कॉलनी स्थानकाच्या इतक्या जवळ राहता आणि अख्ख्या पत्रात मेट्रोचा उल्लेख नाही. वनाज ते रामवाडी ही लाइन २०२४ च्या मार्चपासून पूर्ण चालू आहे, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा भागही सुरू झाला. तुमच्याकडून डेक्कन तिसरं स्थानक. मंडईला जायचं तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची, खाली उतरायचं, की थेट मंडई. लक्ष्मी रोडवर सम तारीख की विषम तारीख, पार्किंग पी वन की पी टू, हे विचारत गाडी फिरवण्यात जो जन्म जातो तो वाचेल. डिसेंबरात सवाई गंधर्वला मुकुंदनगरला जात असाल तर स्वारगेटपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा, यापेक्षा बरी सोय कारमध्ये नाही. शुक्रवारची टक्करही इथेच सुटते. आई आणि तुम्ही गाडीने, ताई मेट्रोने डेक्कनला आणि तिथून पेठेत रिक्षाने. किंवा त्याहून सोपं, फिजिओथेरपीची वेळ साडेनऊ करून मागा. ८४ वर्षांच्या बाईंसाठी इतकं कोणीही करेल. तुम्ही विचारलं नसेल, एवढंच.

विठ्ठलवाडीला मात्र मेट्रो जात नाही आणि आईंना मेट्रोचा उपयोग नाही. स्थानकात लिफ्ट आहेत, पण घरापासून स्थानकापर्यंत लिफ्ट नाही. म्हणून मी तुम्हाला शून्य गाड्या ठेवा असं सांगत नाही. हल्ली तसं सांगणारेही भेटतात. त्यांच्या घरी ८४ वर्षांचं माणूस नसतं.

आता सिटी की वॅगन आर. इथे तुमची बाजू मला मुळीच पटलेली नाही.

आईंना सिटीत बसवताना काय होतं ते आठवा. सेडानची सीट खाली असते. आधी पाठ वळवायची, मग डोकं सांभाळत मागे टेकायचं, म्हणजे शेवटचा वीतभर भाग गुडघ्यांच्या भरवशावर खाली पडायचं. उतरताना तर कुणीतरी दोन्ही हात धरून ओढावंच लागतं. वॅगन आरची सीट उंच, दार उंच, माणूस खुर्चीत बसतो तसं सरळ बसतो. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला यापलीकडे गाडीकडून काही नको असतं. ना टचस्क्रीन, ना सनरूफ. आणि हा प्रश्न आज आईंचा असला तरी ताईंच्या डाव्या गुडघ्याने अर्ज देऊन ठेवलाच आहे. तुमच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलं नाही. साठीचे पुरुष लिहीत नाहीत.

सिटी दोघांपैकी एकालाच चालवता येते, वॅगन आर दोघांनाही. घरात एकच गाडी ठेवायची तर ती सगळ्यांना चालवता येणारीच हवी, याच्यावर खरं तर वाद होऊ नये. उद्या तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही दिवस गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, तर दारात दणकट सिटी आणि घरात ती न चालवू शकणाऱ्या दोन बायका, असं चित्र होईल.

शिवाय सिटी डिझेल आहे. रोज चाकणला जात होती तोवर तिला काम होतं. आता ती घर ते किराणा, घर ते बँक अशी फिरणार. डिझेलचं इंजिन नीट गरम व्हायच्या आत तुमचं ठिकाण येणार, आणि हे त्या इंजिनाला मानवत नाही, काजळी धरते. रजिस्ट्रेशनची १५ वर्षं २०२९ मध्ये संपतील. त्यानंतर फिटनेस तपासणी, पाच हजार रुपये नूतनीकरणाची फी, वर पर्यावरण कर. दिल्लीत घातली तशी दहा वर्षांच्या डिझेलवर बंदी आपल्याकडे नाही, त्यामुळे घाबरून विकायचं कारण नाही. पण विकायचीच आहे तर आत्ता तीन लाख आहेत तेव्हा विका. ३१ डिसेंबर उलटला की एजंट लगेच "मॉडेल एक वर्षाने जुनं झालं" म्हणतो, तेव्हा त्याआधीच.

दापोलीचं म्हणाल तर चांदणी चौकातून पौड, ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड करत दापोली, दोनशे किलोमीटरच्या आतला रस्ता. वॅगन आर तो आरामात करते. सामानाची डिकी लहान आहे, हे कबूल. येताना आंब्याच्या पेट्या कमी बसतील. ज्या वेळी सगळं कुटुंब जमेल तेव्हा ड्रायव्हरसकट मोठी गाडी भाड्याने घ्या. भाड्याच्या गाड्यांना दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरचं किमान बिल लावतात आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, तेव्हा तीन दिवस गाडी तिथे नुसती उभी ठेवण्यापेक्षा सोडायला एक आणि आणायला एक असं करून बघा, स्वस्त पडतं का ते. ताम्हिणीत पावसाळ्यात धुकं असताना तुम्ही स्टिअरिंगवर नसणं हा त्यातला खरा फायदा. एसटीचा पर्यायही घरात प्रत्येकाला वेगळा आहे: आईंना पंच्याहत्तरीच्या पुढचा मोफत प्रवास, ताईंना महिला म्हणून अर्धं तिकीट, आणि तुम्हाला पासष्टी गाठेपर्यंत अजून पाच वर्षं पूर्ण तिकीट. घरातले कर्ते पुरुष तुम्ही, आणि सवलत नसलेलेही तुम्हीच.

मुलाची एसयूव्ही विसरा. दिवाळीत आणि गणपतीत येणाऱ्या माणसांच्या मापाने रोजची गाडी घ्यायची नसते. त्याला सांगा, तू येशील तेव्हा मोठी गाडी भाड्याने घेऊ, पैसे तू दे.

चाकणचं बोलावणं अजून आलेलं नाही. "शक्यता आहे" एवढंच तुम्ही लिहिलं आहे. निरोपसमारंभात साहेब जे बोलतात त्यावर गाडी ठेवू नये. खरंच आलं, तर येण्याजाण्याची सोय ही तुमची नव्हे, त्यांची अडचण आहे. सल्लागाराच्या करारात ती लिहून घ्या. त्यांनी गाडी पाठवावी, किंवा मेट्रोने नाशिक फाट्यापर्यंत या आणि तिथून आमची बस, असं काही ठरवावं. चाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, तेही तळवडे-मोशीच्या ट्रकांमधून, हे साठीनंतर हौसेने करण्याचं काम नाही. आणि मानधनाचा आकडा त्या खर्चानंतर किती उरतो ते आधी बघा.

रात्री-अपरात्री आईंना काही झालं तर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असतोच आणि कित्येक घरांत दुसरी गाडी त्याच्याच जिवावर उभी असते. रात्री अडीच वाजता एका रुग्णाला दोन गाड्या लागत नाहीत. खरं तर तेव्हा स्वतःची गाडीही नको, १०८ ला फोन करा. हात थरथरत असताना गाडी काढून पौड रोडला लागण्यापेक्षा ते बरं. जवळच्या हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकेचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

अॅक्टिव्हाबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात, पण तुमच्या घरची खरी दुसरी गाडी तीच आहे. भाजी, औषधं, दळण, कुरिअर हे सगळं तिच्यावर होत असणार. ती राहू द्या. फक्त पावसाळ्यात तिच्यावरून फार लांब जाऊ नका. साठीनंतर स्कूटर घसरली की नुसतं खरचटत नाही, खुब्याचं हाड जातं. आणि हेल्मेट घाला. पुणेकराला हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे हे मला माहीत आहे, तरीही.

आता ताई, तुमचं.

घरात "गाडी एकच ठेवू" असं ठरतं तेव्हा ते कागदावर समान वाटतं. प्रत्यक्षात ड्रायव्हरच्या सीटवर ते बसतात आणि तुम्ही डावीकडे. पहिल्या महिन्यात ते म्हणतात, "मी सोडतो ना, रिकामाच आहे." दुसऱ्या महिन्यात तुम्ही त्यांच्या सोयीने क्लासची वेळ बदलता. वर्षभरात हात सुटतो, वळण घेताना भीती वाटायला लागते, आणि मग एक दिवस तुम्हीच म्हणता की आता मला ट्रॅफिकची सवय नाही राहिली. असं झालेल्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत की तुमच्या ताज्या कलमातला राग मला एकदम ओळखीचा वाटला. त्यातल्या बऱ्याच जणी नोकरीच्या काळात रोज गाडी चालवायच्या.

म्हणून "दोन्ही राहू द्या" या तुमच्या म्हणण्यामागचं कारण मला मान्य आहे, पण त्यासाठी सिटी ठेवायची गरज नाही. तुम्हाला हवी आहे ती न विचारता बाहेर पडण्याची मोकळीक. ती तुम्हाला वॅगन आर देते, सिटी नाही. तेव्हा वॅगन आर तुमच्या नावावर आहे ती तुमच्याच नावावर राहू द्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ज्याला जेव्हा गाडी हवी त्याने तसं लिहायचं. आधी लिहील त्याची गाडी. आईंची फिजिओथेरपी सगळ्यांच्या वर. लिहिलेल्या दिवशी "कुठे निघालीस" आणि "केव्हा येशील" हे विचारायचं नाही, फार तर "येताना दूध आण" एवढं म्हणायला हरकत नाही. आणि दोघं एकत्र निघालात तर जाताना एकाने चालवायची, येताना दुसऱ्याने. हा नियम बारीक वाटेल, पण तोच सगळ्यात आधी मोडतो. तो मोडू देऊ नका.

दादा, तुम्हाला क्लच नसलेली गाडी म्हणजे "ही काय गाडी चालवणं" असं वाटत असणार. दहा-बारा दिवस चालवा. सुरुवातीला गिअर बदलताना ती जरा अडखळल्यासारखी वाटेल, त्या क्षणी अॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला की झालं. कर्वे रोडला नळ स्टॉपच्या गर्दीत एकदा ती चालवलीत की सिटीचा क्लच तुम्हाला शिक्षा वाटायला लागेल.

तरीही मन होत नसेल तर सिटीच्या इन्शुरन्सची मुदत संपेपर्यंत तिची किल्ली कपाटात ठेवा आणि एकाच गाडीवर राहून बघा. अट एक. पंधरा दिवसांतून एकदा तिला वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणायचं, जागेवर सुरू करून बंद करण्यात अर्थ नाही. नाहीतर बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी कुरतडतात. या काळात सिटी काढावीशी वाटली तो प्रसंग कॅलेंडरवर वेगळ्या शाईने लिहा, आणि त्या दिवशी शेवटी काय केलंत तेही. इन्शुरन्सची तारीख आली की मात्र निर्णय घ्यायचा. "अजून थोडे दिवस राहू दे" म्हटलेली गाडी पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी असते. कव्हरवर पाला साठलेला, टायर बसलेले, आणि कमिटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तिच्यावर चर्चा.

हे सगळं मी कोथरूडच्या दोघांना सांगते आहे. भूगावला किंवा खडकवासल्याच्या पलीकडे राहत असतात, संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळायची मारामार, तर माझं उत्तर दोन गाड्या असतं. किंवा तुमच्या कॅलेंडरवर आठवड्यात तीन-चार टकरी निघाल्या, तरीही. त्यामुळे ज्यांनी हे वाचून शेजाऱ्यांना सांगायला निघायचं ठरवलंय त्यांनी आधी शेजाऱ्यांचा आठवडा बघावा.

विकताना कागदांकडे लक्ष द्या, कारण इथे शिकलीसवरलेली माणसं फसतात. पैसे मिळाले, किल्ली दिली, म्हणजे गाडी गेली असं होत नाही. आरसी बुकावर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे अगदी स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, मग गाडी मधल्या काळात चार हात फिरलेली का असेना. तेव्हा मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नुसते एजंटच्या हातात सोडू नका. विक्रीची माहिती तुम्ही १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते. परिवहन खात्याच्या पोर्टलवर नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा करा, आणि गाडी ज्या दिवशी ज्या वेळी ताब्यात दिली त्याची तारीख, वेळ घातलेली पावती सही करून घ्या. जुन्या कर्जाचा बँकेचा बोजा आरसीवर राहिला असेल तर तो आधी उतरवावा लागेल. सिटी २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा नवीन एचएसआरपी, म्हणजे जास्त सुरक्षेची, नंबरप्लेट बसवली नसेल तर नाव बदलण्याचं काम अडेल. फास्टॅग बंद करा, नाहीतर नवा मालक एक्स्प्रेसवेवर जाईल आणि टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.

एक गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात. इतकी वर्षं क्लेम न घेता गाडी चालवली असेल तर तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. पुढे तुमच्या नावावर दुसरी गाडी घेतलीत तर प्रीमियममध्ये तो वजा होईल. ताईंच्या वॅगन आरला मात्र तो लावता येणार नाही.

आणि वॅगन आर आता तुम्हीही नेहमी चालवणार असाल, तर हे बघा. विम्यासोबत जो १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालकाचा, म्हणजे ताईंचा. त्यांच्या गाडीवर तुम्ही असताना तुम्हाला तो मिळत नाही. तुमच्यासाठी वेगळी अपघात विमा पॉलिसी घ्या, ती फार महाग नसते. आरसीवर नॉमिनीचं नाव घालण्याची सोय २०२१ पासून आहे, तेही करून टाका. लायसन्सच्या तारखा दोघांच्याही तपासा. पंचावन्नच्या पुढे ते पाचच वर्षांसाठी मिळतं, नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो, आणि मुदत संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

आलेले तीन लाख बचत योजनेत टाकताना त्यातले तीस हजार बाजूला ठेवा आणि त्याचा रिक्षा-मेट्रोचा निधी करा, वेगळ्या डब्यात नाहीतर वेगळ्या खात्यात. नाहीतर प्रत्येक शंभर रुपयांच्या रिक्षाला तुम्ही "गाडी असती तर" म्हणणार, आणि गाडीचे सात हजार जात होते तेव्हा तुम्हाला एकदाही काही वाटलं नव्हतं. ताई, वॅगन आरच्या सर्व्हिसिंगसाठी गॅरेजवाल्याकडे आजपर्यंत यांचा नंबर असेल. तो बदलून तुमचा द्या.